वगळलेले पहिले पान

नाशिक रोडच्या त्या वाचनालयात संगणकाची खोली सुरू झाली, तेव्हा तिची किल्ली कोणाकडे द्यायची यावर चर्चा झालीच नाही. ती ढुंढिराज गायधनी यांच्याकडेच जाणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरले होते. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ते वाचनालयात कारकून म्हणून लागले, त्याला एकतीस वर्षे झाली होती. या एकतीस वर्षांत एकही नोंदवही हरवली नव्हती, एकही वर्तमानपत्र महिन्याच्या गठ्ठ्याबाहेर राहिले नव्हते. येत्या जूनअखेर ते निवृत्त होणार होते.

खोलीत सहा संगणक आणि एक प्रिंटर. ढुंढिराजांनी पहिल्याच आठवड्यात नियम ठरवले आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून भिंतीवर लावले. एका सभासदास दिवसाला दहाच पाने छापून मिळतील. पेन ड्राइव्ह लावू नये. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सर्व संगणक साफ केले जातील; साठवलेल्या मजकुरास वाचनालय जबाबदार नाही.

हे नियम उगाच झाले नव्हते. एका मुलाने पेन ड्राइव्हमधून व्हायरस आणला होता आणि तीन संगणक आठवडाभर बंद पडले होते. एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाची निमंत्रणे छापायला घेतली होती. त्यामुळे ढुंढिराजांना नियमाबद्दल कधी शंका आली नाही. कोणी कुरकुरलेच, तर ते चष्मा काढून पुसत आणि नुसते बोर्डाकडे बघत. पुढे बोलायची गरज पडत नसे.

पूजा सांगळे पहिल्यांदा आली ती जानेवारीतल्या एका मंगळवारी. तिशीच्या आतली, खांद्याला कापडी पिशवी, पायांवर एसटीच्या प्रवासाची धूळ. सिन्नरच्या पुढे वावीच्या बाजूला तिचे सासर.

"काका, इथं कोर्टाचे निकाल बघता येतात का?"

"येतात. पण सिन्नरला नाही का एवढी इंटरनेटची दुकानं?"

"हायेत की. पण कचेरीसमोरच्या दुकानात मी एक कागद छापला, तर मी घरी पोचायच्या आधी आमच्या नवनाथभावजींना त्याचा नंबर पाठ असंल."

ढुंढिराज क्वचित हसत. त्या वेळी हसले.

नवनाथ हा तिचा चुलत दीर. वाडवडिलांपासून बांधावरून जी गाडीवाट होती, ती त्याने दिवाळीनंतर नांगरून टाकली होती आणि तोंडाशी काटेरी तारेचे कुंपण घातले होते. सांगळ्यांची वस्ती आणि गोठा त्या वाटेच्या आत. दुधाच्या किटल्या डोक्यावर घेऊन ओढ्यातून यावे लागे. सासू लंकाबाई ओढ्यातच घसरली होती आणि तिचा पाय महिनाभर सुजलेला होता. तहसीलदारांकडे अर्ज केला होता. नवनाथचे म्हणणे एकच : नकाशात वाट दाखवा. नकाशात वाट नव्हती.

"वकील केला नाही?"

"सासूबाई नको म्हणत्यात. भाऊबंदकीत वकील घातला, का सात पिढ्यांचं वैर. मी बारावी झालेय ना काका, मीच बोलणार."

तिने वाचनालयातला इंग्रजी-मराठी शब्दकोश मागून घेतला आणि चार नंबरच्या संगणकापुढे बसली. निकाल इंग्रजीत. एक एक शब्द शोधायचा, वहीत लिहायचा, पुन्हा ओळ वाचायची. असे तिने तीन मंगळवार काढले. दुसऱ्या मंगळवारी ढुंढिराजांनी स्वतःहून तिला संगणकावर एक कप्पा करून दिला, त्याला 'पूजा – रस्ता' असे नाव दिले आणि सापडेल ते त्यात कसे ठेवायचे, ते शिकवले. तिचा फोन बटणांचा, मोठा फोन नवऱ्याकडे. तो पिकअप चालवायचा.

"हे इथं राहील ना काका? कोणी पुसणार तर नाय?"

"राहू द्या. मी आहे ना इथं," ढुंढिराज म्हणाले.

हे वाक्य पुढे त्यांना फार दिवस ऐकू येत राहिले.

तिसऱ्या मंगळवारी दुपारी पूजा खुर्चीवरून अशी उठली, की शेजारचा स्पर्धा परीक्षेवाला दचकला. तिला हवे होते ते सापडले होते. कुठल्याशा गावची अशीच बांधावरची वाट, तीही नकाशात नव्हती, आणि उच्च न्यायालयाने म्हटले होते, की वर्षानुवर्षे वापर सिद्ध झाला तर केवळ नकाशात नाही म्हणून वाट नाकारता येणार नाही. निकाल अडतीस पानांचा होता.

"दहाच पानं मिळतील, ताई."

"दहाच? सुनावणी तर चार तारखेला हाय. त्याच्या आत मला परत नाय येता यायचं."

ढुंढिराजांनी चष्मा नीट केला. त्यांना मदत करायची होती आणि नियमही पाळायचा होता. दोन्ही जमेल असा मार्ग त्यांना लगेच दिसला. इतकी वर्षे ते ताळेबंद वाचत आले होते. सगळ्या आकड्यांचे सार शेवटी येते हे त्यांच्या अंगवळणी पडले होते.

"शेवटची दहा घ्या. एकोणतीस ते अडतीस. निकाल शेवटीच असतो."

"आणि पहिलं पान?"

"त्यात नुसती नावं असतात हो. कोण विरुद्ध कोण. त्याचा तुम्हाला काय उपयोग?"

पूजा क्षणभर घुटमळली. "एक अकरावं नाय का छापता येणार?"

ढुंढिराजांनी बोर्डाकडे बघितले. झाले, विषय संपला.

छापताना एकतिसावे पान अडकले आणि शाई फासून बाहेर आले. फुकट गेलेले पान दहात मोजायचे नाही, इतके ते न्यायी होते. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि दुसरे छापून दिले. वहीत नोंद केली : पूजा सांगळे, पाने २९ ते ३८. पूजाने दहा पाने पिशवीत घातली आणि "लय उपकार झाले काका" म्हणून ती बस पकडायला धावली.

महिन्याचा शेवटचा शनिवार आला. ढुंढिराजांनी नेहमीप्रमाणे आधी पाठकोऱ्या कागदांचे पट्टीने चार-चार तुकडे केले. सभासदांना पुस्तकांचे क्रमांक टिपायला ते टेबलावरच्या खोक्यात ठेवले जात. मग ते संगणक साफ करायला बसले. चौथ्या संगणकावर त्यांना तो कप्पा दिसला. दिसला नाही असे नव्हते. 'तिचे काम झालेच आहे आता,' असे त्यांच्या मनात आले, आणि एक अपवाद ठेवला की पुढच्या महिन्यात चार होतात, असेही आले. त्यांनी सगळे एकदम निवडले आणि पुसून टाकले. मग हात धुऊन ते घरी गेले.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी पूजा परत आली. बरोबर लंकाबाई होती, लंगडत, काठी टेकत.

"काका, ते पहिलं पान लागतंय."

चार तारखेला तहसीलदारांनी ती दहा पाने उलटसुलट करून बघितली होती आणि विचारले होते, हा निकाल कोणत्या न्यायालयाचा? कोणाचा? कधीचा? असे टाइप केलेले कोणीही आणून देईल. नवनाथ मागून म्हणाला होता, 'वहिनींनी घरीच लिहिलाय साहेब, बारावी हायेत.' सगळी खोली हसली होती. तहसीलदारांनी मात्र एक संधी दिली होती. आता पुढच्या आठवड्यातला गुरुवार. त्या दिवशी पहिल्या पानासकट निकाल द्या, नाहीतर आहे त्यावर आदेश करतो.

पूजा बोलत बोलतच चौथ्या संगणकापाशी बसली. ढुंढिराज उभेच राहिले. तिने पडद्यावर इकडे बघितले, तिकडे बघितले.

"काका, कप्पा कुठं गेला?"

हा क्षण छोटा होता. 'मी पुसला' एवढे दोन शब्द पुरले असते. पण खोलीत पाच-सहा माणसे होती, स्पर्धा परीक्षेवाला वळून बघत होता, आणि एकतीस वर्षांत ढुंढिराजांना ते दोन शब्द कधी लागले नव्हते. त्यांचा हात आपोआप भिंतीकडे गेला.

"बोर्ड वाचला नाही का तुम्ही?"

"पण तुम्हीच म्हटले होते ना, राहू द्या म्हणून..."

"मी म्हटलं, नीट साठवलं तर राहील. तुमच्याकडून नीट साठवलं गेलं नसेल. होतं असं नवीन माणसाचं."

पूजाचा चेहरा उतरला. ती भांडली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "माझंच चुकलं असंल."

"आगं, सायबांनी एवढं शिकिवलं तुला," लंकाबाई काठी आपटत म्हणाली, "आन तुला एक कागुद ठिवता येईना! तीन मंगळवार हितं येऊन काय दिवे लावले म्हणायचे? तुझ्या मालकाला काय सांगू मी आता? त्यो आधीच म्हणतोय, हिला हिंडायला निमित्त पायजे." मग ढुंढिराजांकडे वळून तिने हात जोडले. "सायेब, तुमाला लय तरास दिला आमच्या येडीनं."

पूजाने तासभर शोधले. पण आधी नेमके काय लिहिल्यावर तो निकाल समोर आला होता ते तिला आठवेना, छापलेली दहा पाने घरी राहिली होती, आणि सासूपुढे हात चालेनात. बसची वेळ झाली. जाताना तिने शब्दकोश जागेवर ठेवला आणि खुर्ची आत सरकवली.

त्या संध्याकाळी ढुंढिराज गॅलरीत बसले होते. पत्नी सुधाताई मेथी निवडत होत्या.

"अहो, चहा बशीत ओतून किती वेळ झाला! त्याला साय धरली."

"आमच्याकडे आज एक गंमत झाली," ढुंढिराज म्हणाले. "एकाने एका बाईच्या कामाच्या फाइली पुसल्या..."

"एकाने म्हणजे? तुमच्या त्या संगणकांना हात लावायची छाती आहे कोणाची?"

ढुंढिराजांनी बशी खाली ठेवली. मग त्यांनी सगळे सांगितले. सुधाताईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"फ्रिज विकून अकरा वर्षं झाली, त्याचं गॅरंटी कार्ड अजून आहे तुमच्या कपाटात. आणि त्या बाईचं तेवढं पुसलंत?"

"नियम होता."

"नियम कोणी केला? तुम्हीच ना? बरं, पुसलं ते पुसलं. माणसाच्या हातून होतं. पण तिलाच चुकली म्हणालात? तिच्या सासूसमोर?" त्यांनी काडी मोडून टोपलीत टाकली. "आणि हे मला कशाला सांगताय? मी काय तहसीलदार आहे?"

दुसऱ्या दिवशी ढुंढिराज वाचनालय उघडण्याआधी तासभर चौथ्या संगणकापुढे जाऊन बसले. ज्या खोलीचे ते राजे होते, तिथे आपल्याला काहीच येत नाही हे त्यांना पहिल्या अर्ध्या तासात कळले. रस्ता, बांध, वहिवाट, काय वाटेल ते लिहिले. शेकडो निकाल समोर येत. त्यांनी नोंदवही काढली. त्यांची नेहमीची पद्धत अशी, की छापलेल्या मजकुराचे नाव पहिल्या पानावरून लिहून घ्यायचे. पूजाच्या नावापुढे तो रकाना कोरा होता. पहिले पान छापलेच नव्हते, तर नाव कुठून येणार? त्या कोऱ्या रकान्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. अकरावे पान छापले असते, तर आज एका मिनिटाचे काम होते.

मग त्यांना शाई फासलेले ते एकतिसावे पान आठवले.

त्याचे तुकडे झाले होते. त्यांनीच पट्टी लावून केले होते. त्यांनी टेबलावरचे खोके उपडे केले. शंभरेक चिठ्ठ्या, कुणाची वाणसामानाची यादी, कुणाचा फोन नंबर. दोन तुकडे मिळाले. एक शाईने पार काळा. दुसऱ्याच्या कोऱ्या बाजूवर कुणीतरी पाकक्रियेच्या पुस्तकाचा क्रमांक लिहिला होता, आणि छापील बाजूवर सात अर्धवट ओळी होत्या. तिसऱ्या ओळीत एका साक्षीदाराचे नाव होते, गेणू. पाचव्या ओळीत तो सांगत होता, की आपण लहानपणापासून तीन चिंचांजवळून बैलगाडी नेत आलो.

'गेणू' आणि 'तीन चिंचा' घेऊन ढुंढिराजांनी बुधवार, गुरुवार, शुक्रवार काढले. वेगवेगळी स्पेलिंगे लिहून बघितली. शब्दकोश मांडीवर घेतला. त्यात वहिवाटीच्या पानावर पूजाने खूण म्हणून घातलेला बसच्या तिकिटाचा तुकडा होता. त्यांनी तो हलवला नाही. आपण तीन दिवसांत टेकीला आलो, आणि ती मुलगी दूध घालून, स्वयंपाक करून, दोन एसटी बदलून इथे येत होती.

सोमवारी सकाळी तीन चिंचा सापडल्या.

त्यांनी आधी पहिले पान वाचले. न्यायालयाचे नाव, पक्षकारांची नावे, न्यायमूर्ती, तारीख. नुसती नावे. मग त्यांनी अडतीसच्या अडतीस पाने छापली आणि वहीत लिहिले : ढुंढिराज गायधनी, पाने १ ते ३८, नियम मोडून. ग्रंथपाल भाग्यश्री मॅडमकडे ते गुरुवारच्या अर्ध्या रजेचा अर्ज घेऊन गेले.

"गायधनीकाका, तुम्ही आणि रजा? तब्येत बरी आहे ना?"

"मला एक चूक पोचवायची आहे सिन्नरला," ढुंढिराज म्हणाले. मॅडमना काही कळले नाही, पण त्यांनी सही केली.

शिंदे-पळसे मागे पडले, बस मोहदरी घाट चढू लागली, तसतसे ढुंढिराज मनात वाक्ये जुळवू लागले. एकही धड जमेना.

तहसील कचेरीच्या आवारात लिंबाखाली लंकाबाई पाय लांब करून बसली होती. पूजा उभी होती, हातात तीच दहा पाने. थोड्या अंतरावर नवनाथ दोघा-तिघांबरोबर चहा पीत होता. ढुंढिराजांना बघून पूजा गोंधळली. त्यांनी पिशवीतून पिनांनी टाचलेला गठ्ठा काढून तिच्या हातात दिला. तिने पहिले पान बघितले, भराभर पुढची चाळली, आणि तिचा चेहरा असा उजळला, की ढुंढिराजांनी खाली बघितले.

"सापडलं! काका, म्हणजे ते मशीनमध्येच होतं! मी साठवलं होतं, पण भलत्याच ठिकाणी, व्हय ना? तुम्ही होते म्हणून सापडलं."

तिने वाक्य आयते हातात दिले होते. नुसती मान हलवली असती, तरी ढुंढिराज त्या आवारातून देवमाणूस होऊन परतले असते. बसमध्ये जुळवलेले एकही वाक्य या प्रसंगाला उपयोगाचे नव्हते.

"नाही ताई. तुम्ही बरोबर साठवलं होतं. मी पुसलं. तुमचं नाव वाचून पुसलं. आणि त्या दिवशी खोटं बोललो. पहिलं पान नको, हेही मीच सांगितलं होतं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

 पूजाने गठ्ठा छातीशी धरला. तिचे डोळे ढुंढिराजांवर नव्हते, सासूवर होते.

लंकाबाई काठीवर भार देऊन उठली. "मंग त्या दिशी का नाय बोलले?"

"लाज वाटली, मावशी."

"तुमाला लाज वाटली, आन बोलणी हिनं खाल्ली! नऊ दिस झाले, दूध काढताना बोलतीय मी हिला, भाकरी वाढताना बोलतीय. हिचा मालक तर ताटावरनं उठून गेला. ते आता मी माघारी कसं घेऊ, सांगा की! तुमच्या मशीनवर पुसता येतंय का ते?"

 तेवढ्यात शिपायाने दारातून पुकारा केला आणि पूजा वळून आत गेली. नवनाथ कप ठेवून तिच्या मागोमाग गेला.

लंकाबाईने कमरेची पिशवी सोडून बटणांचा फोन काढला. "माझ्या पोराचा नंबर पयलाच हाय. लावा. मला नका सांगू, त्याला सांगा."

ढुंढिराजांनी फोन लावला. पलीकडे गाडीचा घरघराट होता.

"आये, काय झालं? दिली का पानं?"

"मी ढुंढिराज गायधनी बोलतोय. नाशिक रोडच्या वाचनालयातून."

"कोण? मोठ्यांदा बोला!"

ढुंढिराज आयुष्यात कधी मोठ्याने बोलले नव्हते. वाचनालयात बोलायचेच नसते. आवारातली माणसे बघू लागली. त्यांनी आवाज चढवला आणि सगळे पहिल्यापासून सांगितले. मी पुसलं. मी खोटं बोललो. त्यांनी बरोबर ठेवलं होतं. पलीकडून शिव्या आल्या. ढुंढिराजांनी फोन कानापासून दूर केला नाही.

शिव्या चालू असतानाच पूजा बाहेर आली. साहेबांनी निकाल ठेवून घेतला होता आणि जागेवर येऊन गाडीवाटेची पाहणी करण्यासाठी सोमवार दिला होता. नवनाथ तिच्या पलीकडून कोणाशी न बोलता निघून गेला. हे सगळे तिने सासूला दोन वाक्यांत सांगितले. मग ढुंढिराजांपुढे येऊन तिने हात पुढे केला, आणि त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

ती थोडा वेळ ऐकत राहिली. नवरा अजून वाचनालयालाच बोल लावत होता.

"हां. ते झालं," ती म्हणाली. "माझं काय चुकलं नव्हतं, ते ऐकलंत ना आता?"

पलीकडची घरघर थांबली. त्याने गाडी बाजूला घेतली असावी. पूजा फोन कानाला लावून उत्तराची वाट बघत उभी राहिली, आणि ते ऐकायचा आपल्याला अधिकार नाही असे वाटून ढुंढिराज लिंबाखालून बाजूला झाले.